जुन्या डेस्कटॉपवर गेमिंग : आधी कॅबिनेट उघडा, मग पैसे मोजा



आजचा विषय माझ्या वयाला शोभत नाही, असं आमच्या घरातून मला स्पष्ट सांगण्यात आलं आहे. साठी उलटलेल्या, फौजेच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेल्या माणसानं पोरांच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरवर कशाला बोलायचं? पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे. त्या चुकीत गेलेले पैसे माझे नव्हते, दुसऱ्याचे होते. म्हणून मला बोललंच पाहिजे.

बेळगावला माझे जुने सुभेदार साहेब राहतात. फौजेत अधिकारीसुद्धा सुभेदाराला साहेब म्हणतो, ती पद्धतच आहे. आम्ही दोन वर्षं एका ठाण्यावर बरोबर काढली. निवृत्तीनंतर ते बेळगावला स्थायिक झाले, मी सिकंदराबादला. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"सर, नातवाला कॉम्प्युटर घ्यायचाय. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्ट्यांत मोबाइलच्या दुकानात काम करून त्यानं २८ हजार साठवलेत. अभ्यासाला तर पाहिजेच, पण गेमिंगलाही चालला पाहिजे म्हणतो. नवीन परवडत नाही, म्हणून रिफर्बिश्ड बघतोय. तुम्ही सिग्नल्सचे. तुम्ही सांगाल तो घेऊ."

मी चहा पिता पिता सांगून टाकलं, "आठव्या पिढीचा आय फाइव्ह घ्या, १६ जीबी रॅम, एसएसडी. ग्राफिक्स कार्ड वेगळं टाकता येईल." एकही प्रश्न विचारला नाही.

पोरानं अगदी तेच घेतलं. १७ हजारांना डेस्कटॉप आणि साडेनऊ हजारांना कॉलेजातल्या एका सीनियरचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. आठवड्यानं मला एक फोटो आला. कॅबिनेट उघडं, आणि कार्ड त्याच्यावर आडवं ठेवलेलं. खाली एकच ओळ : "सर, हे आत जात नाहीये."

कॅबिनेट होतं पातळ, ऑफिसच्या टेबलावर आडवं ठेवतात त्या प्रकारचं. कार्ड होतं पूर्ण उंचीचं, दोन पंख्यांचं, वेगळी पॉवर केबल मागणारं. आत जागा नव्हती आणि पॉवर सप्लायला ती केबलही नव्हती. दुकानदार म्हणाला, "वस्तू तर चालू आहे, परत कशाला घेऊ?" खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. मागितलं ते त्यानं दिलं होतं. मागायला सांगणारा चुकला होता.

ती चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी आजचा हा भाग.

ही जुनी मशिनं येतात कुठून?

बँका, आयटी कंपन्या, विमा कार्यालयं, कॉल सेंटर्स डेस्कटॉप शेकड्यांनी घेतात आणि तीन ते पाच वर्षांनी एकदम बदलतात. ती मशिनं लिलावात किंवा लीज संपल्यावर व्यापाऱ्यांकडे येतात. साफ करून, एसएसडी टाकून, विंडोज चढवून ती विकायला ठेवतात. दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आमच्या सिकंदराबादचं चेनॉय ट्रेड सेंटर म्हणजे सीटीसी. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, असा एखादा बाजार तुमच्या टप्प्यात असतोच.

यात तीन घराणी वारंवार दिसतील : डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर. मशिनं मजबूत असतात. दिवसभर चालायची सवय असते, बोर्ड चांगला असतो, आवाज कमी असतो. पण एक गोष्ट विसरू नका. ही मशिनं हिशेबाचे तक्ते भरायला बनवली होती, गेम खेळायला नाही. म्हणून त्यांत ग्राफिक्स कार्ड नसतं किंवा नावापुरतं असतं, आणि वीजपुरवठा गरजेपुरताच दिलेला असतो. आपली सगळी निवड या एका गोष्टीभोवती फिरते.

क्रम उलटा लावा

बहुतेक लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मीही तेच केलं. बरोबर क्रम उलटा आहे. आधी गेम ठरवा. गेमवरून ग्राफिक्स कार्ड ठरतं. कार्डावरून पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट ठरतं. प्रोसेसर त्यानंतर. फौजेत तोफ कुठली न्यायची हे ठरवण्याआधी रस्त्यावरचा पूल किती वजन पेलतो ते बघतात. इथं पूल म्हणजे कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय.

तर घरात पहिला प्रश्न विचारा : नेमकं काय खेळायचं आहे? नावं कागदावर लिहून घ्या.

व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुनी क्रिकेट-फुटबॉलची गेम्स, माझ्यासारख्यांचं एज ऑफ एम्पायर्स ही हलकी मंडळी. काउंटर-स्ट्राइक २ आणि २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए फाइव्ह हे मधले. यांना साधं का होईना, पण वेगळं कार्ड हवं. गेल्या दोन-तीन वर्षांतले मोठे, सिनेमासारखे दिसणारे गेम्स हे जड. जडांच्या मागे लागायचं असेल, तर तीस हजारांच्या आतल्या ऑफिसच्या मशिनाकडून अपेक्षा ठेवू नका. पोराला हे आधीच सांगा. घरी आणल्यावर सांगितलं की ते कारण वाटतं.

कॅबिनेटचे तीन आकार

एकाच मॉडेलचं नाव तीन वेगवेगळ्या आकारांवर असतं. जाहिरातीत फक्त नाव आणि प्रोसेसर लिहिलेला असतो. म्हणून फोटो बघा, आणि शक्य असेल तर मागची बाजू बघा.

पहिला आकार टॉवर. उभं, रुंद कॅबिनेट. यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. गेमिंगसाठी पहिली पसंती हीच.

दुसरा, स्मॉल फॉर्म फॅक्टर. दुकानात त्याला 'एसएफएफ' किंवा 'स्लिम' म्हणतात. यात कार्डाची जागा असते, पण अर्ध्या उंचीची. तिथं फक्त लो-प्रोफाइल कार्ड बसतं. अशी कार्डं मिळतात, पण निवड कमी, आणि त्याच ताकदीच्या मोठ्या कार्डापेक्षा किंमत बहुधा जास्त. शिवाय काही स्लिम मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय किंवा डिस्कचा पिंजरा कार्डाच्या वाटेत येतो. टेप घेऊन लांबी मोजा. दोन स्लॉट जाडीचं कार्ड बसतं की एकाच स्लॉटचं, तेही बघा.

तिसरा, मायक्रो, मिनी किंवा टायनी. जाड पुस्तकाएवढा डबा. दिसायला गोंडस, ऑफिसला उत्तम. पण बहुतेक सगळ्यांत ग्राफिक्स कार्डाची जागाच नसते. प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवर जे चालेल तेवढंच. इंटेलच्या आठव्या पिढीच्या यूएचडी ६३० वर व्हॅलोरंट कमी सेटिंग्जला खेळता येतो, पण पुढे वाढ नाही. गेमिंगचा विचार असेल तर हा आकार सोडून द्या.

याला एक अपवाद आहे. एएमडीच्या रायझन ५ प्रो ४६५०जी सारखा प्रोसेसर असलेलं ऑफिसचं मशिन मिळालं, तर त्याचं अंगचं ग्राफिक्स इंटेलच्या त्या काळच्या ग्राफिक्सपेक्षा बरंच दमदार असतं. कार्ड न घालता हलके गेम्स बरे चालतात. मात्र रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच.

पॉवर सप्लाय : खरी मर्यादा

कॅबिनेट उघडायला सांगा. पॉवर सप्लायवर स्टिकर असतो, त्यावर एकूण वॅट लिहिलेले असतात. ऑफिसच्या मशिनांत हा आकडा बरेचदा १८० ते २६० च्या आसपास असतो.

आता हिशेब करा. ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. कार्ड ७५ वॅटच्या आत असेल, तर त्याला वेगळी केबल लागत नाही. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून थेट येणारी ६ पिन किंवा ८ पिनची केबल लागते, आणि ऑफिसच्या बहुतेक मशिनांत ती नसते. आठव्या पिढीचा आय फाइव्ह ६५ वॅटचा. कार्ड ७५. बाकी बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ३० ते ४० धरा. बेरीज १७० ते १८०. म्हणजे चांगल्या स्थितीतल्या २०० वॅटच्या पॉवर सप्लायवर ७५ वॅटचं कार्ड चालतं, पण हात राखूनच. २४० असेल तर निश्चिंत.

"मग मोठा पॉवर सप्लाय टाकू की," असं दुकानदार म्हणेल. इथं दुसरा सापळा आहे. या ब्रँडेड मशिनांपैकी अनेकांत बोर्डाला जाणारी मुख्य केबल बाजारातल्या नेहमीच्या २४ पिनची नसते, कंपनीची स्वतःची असते. कॅबिनेटचा आकारही वेगळा. नेहमीचा पॉवर सप्लाय लावायचा तर अडॅप्टर शोधावा लागतो, आणि स्लिम कॅबिनेटमध्ये तो बसतच नाही. तेव्हा मशिनात आहे तोच पॉवर सप्लाय कायमचा, असं धरून कार्ड निवडा.

साटा किंवा मोलेक्सच्या केबलला जोड देऊन ६ पिनची केबल बनवून देणारेही भेटतील. हे करू नका. त्या तारा आणि पिना तेवढ्या विजेसाठी नसतात. वितळलेला कनेक्टर मी स्वतः हातात घेऊन पाहिला आहे.

मग कार्ड कुठलं?

७५ वॅटच्या आतली, वेगळी केबल न मागणारी कार्डं ही आपली यादी.

जीटीएक्स १६५०, ४ जीबी : २०१९ सालचं. वापरलेल्या बाजारात भरपूर मिळतं, लो-प्रोफाइलही मिळतं. हलके आणि मधले गेम्स १०८० पिक्सेलवर नीट चालवतं. घेताना एक बघा, याच नावाच्या काही कार्डांना ६ पिनची केबल लागते. ती नकोत.

आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीचंच : २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं, ७० वॅटचं. याच नावाचं ८ जीबीचं कार्ड जास्त वीज खातं आणि केबल मागतं, गफलत करू नका. या यादीतलं सगळ्यात ताकदवान हेच, आणि महागही. नवीन घेतलं तर मशिनाच्या किमतीएवढं जाऊ शकतं.

आरएक्स ६४०० : वीज फार कमी खातं, लो-प्रोफाइलमध्ये सहज मिळतं. पण ते फक्त चार लेनवर चालतं, आणि आठव्या-नवव्या पिढीच्या जुन्या स्लॉटवर त्याचा वेग काही गेम्समध्ये पडतो. खेळ रेकॉर्ड करायचा असेल, तर त्यासाठी लागणारा एन्कोडरही यात नाही.

जीटीएक्स १०५० टीआय : २०१६ सालचं. एके काळचं लाडकं कार्ड. आजही चालतं, पण एनव्हीडियानं त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर्स देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे. फारच स्वस्त मिळालं तरच घ्या.

आर्क ए३८० चं नाव कोणी सुचवेल. त्याला बोर्डावर रिसायझेबल बार ही सोय लागते, आणि ऑफिसच्या जुन्या मशिनांत ती सहसा मिळत नाही.

आणि एक इशारा, हा पाठच करून ठेवा. "४ जीबी ग्राफिक्स कार्डसह गेमिंग पीसी" असं लिहिलेलं असेल, तर कार्डाचं नाव विचारा. बरेचदा ते निघतं जीटी ७३०. ते २०१४ सालचं, पडद्यावर चित्र उमटवण्यापुरतं कार्ड. त्यावर ४ जीबी लिहिलेलं असलं, तरी यूएचडी ६३० च्या पुढे ते फारसं जात नाही. जीबी म्हणजे गोदामाचा आकार. गोदाम मोठं म्हणून गाडी जोरात पळत नाही.

प्रोसेसर : 'आय फाइव्ह' हे अर्धवट नाव आहे

नुसतं आय फाइव्ह म्हणजे काहीच नाही. पुढचा आकडा बघा. आय ५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय ५-७५०० सातवी, चार कोअर. आय ५-८५०० आठवी, सहा कोअर. तिन्हींच्या खोक्यावर लिहिलेलं असतं आय फाइव्हच.

माझी रेषा आठव्या पिढीवर आहे, आणि त्याला दोन कारणं. एक, इथं कोअर चारचे सहा झाले, आणि आजच्या गेम्सना ते लागतात. दोन, विंडोज ११ ची अधिकृत रेषाही जवळपास इथंच आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय उघडतच नाही. सहावी-सातवी पिढी तीन-चार हजारांनी स्वस्त दिसेल. त्या वाचलेल्या पैशांचा मोह आवरा. "सातव्या पिढीचा घेऊन नंतर आठव्याचा प्रोसेसर टाकू," असंही होत नाही. सॉकेट सारखं दिसतं, पण बोर्ड तो प्रोसेसर स्वीकारत नाही.

ओळखायला सोपं जावं म्हणून : डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० म्हणजे सहावी-सातवी पिढी, ७०६० म्हणजे आठवी, ७०७० मध्ये नववी येते. एचपी एलिटडेस्क ८०० जी३ म्हणजे सहावी-सातवी, जी४ म्हणजे आठवी. लेनोवोत एम७१० म्हणजे सहावी-सातवी, एम७२० म्हणजे आठवी-नववी. आकड्याच्या शेवटी 'टी' असेल, उदाहरणार्थ ८५००टी, तर तो कमी विजेवर चालणारा, थोडा धीमा प्रोसेसर.

रॅम १६ जीबी, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांत प्रोसेसरला माहिती जास्त वेगानं मिळते. एसएसडी ५१२ जीबी असेल तर उत्तम. एकटा जीटीए फाइव्हच शंभर जीबीच्या आसपास जागा खातो.

दुकानातला अर्धा तास

दुकानात जाताना एक पेन ड्राइव्ह आणि अर्धा तास घेऊन जा. पेन ड्राइव्हवर सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि एचडब्ल्यूइन्फो ही चार मोफत सॉफ्टवेअर घरूनच टाकून न्या.

पहिली गोष्ट, बायोस उघडा. मशिन सुरू होताना डेलला एफ २, एचपीला एफ १०, लेनोवोला एफ १. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर मशिन तिथंच ठेवा. जुन्या कंपनीचं कुलूप घरी आणू नका. टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू करायलाही बायोसच लागतो. तारीख-वेळ चुकीची दिसली तर बोर्डावरचा सेल संपलाय, तो सीआर २०३२, कुठंही मिळतो. त्यासाठी मशिन नाकारू नका.

दुसरी, मशिनवरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर. डेलच्या संकेतस्थळावर तो टाकला, की मशिन मुळात कुठल्या प्रोसेसरसह आणि कधी बाहेर पडलं ते दिसतं.

तिसरी, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत आणि चालू तास बघा. ऑफिसात दिवसाला दहा तास, वर्षाला २५० दिवस, पाच वर्षं धरली तर साडेबारा हजार तास होतात. हार्ड डिस्कवर चाळीस हजार दिसले, तर ती रात्रंदिवस चाललेली आहे. तिच्यावर पोराचं प्रोजेक्ट ठेवू नका.

चौथी, सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसर आणि रॅमच्या पट्ट्या जुळवा. जीपीयू-झेडमध्ये कार्ड बघा. नाव बदलून विकलेलं बनावट कार्ड हे सॉफ्टवेअर बरेचदा ओळखतं आणि तसं दाखवतं.

पाचवी, सगळ्यात महत्त्वाची : गेम लावा. वीस मिनिटं चालू द्या. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. प्रोसेसर किंवा कार्ड ९० अंशांच्या वर जाऊन बसत असेल, तर आधी धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून मागा, मग पुन्हा वीस मिनिटं. मशिन मध्येच बंद पडलं, तर बहुधा पॉवर सप्लाय थकलेला आहे.

शेवटी कागद. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि वॉरंटी किती महिने व कशावर हे लिहून घ्या. तोंडी वॉरंटी म्हणजे दुकानाच्या पायरीपर्यंतची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्सनं सक्रिय आहे असं दिसायला हवं. "चालतंय ना, मग झालं," असं सांगून चोरीचं विंडोज गळ्यात मारू देऊ नका.

पैशाची वाटणी

भाव शहराप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात, म्हणून मी वाटणी सांगतो. हातात शंभर रुपये असतील, तर मशिनाला पंचावन्न, कार्डाला तीस, आणि पंधरा बाजूला ठेवा. त्या पंधरात छोटा यूपीएस, चांगली केबल, वायफायचा डोंगल. ऑफिसच्या मशिनांत वायफाय बरेचदा नसतं. ऑनलाइन खेळायचं असेल तर शक्यतो लॅनची तारच ओढा. मॉनिटर घरात नसेल, तर हा हिशेब बदलतो, आणि जुना साठ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सेकंदाला दीडशे फ्रेम्सच्या मागे धावण्यात अर्थ नाही. डोळ्यांना साठच दिसणार.

घरातलं अर्थिंग मात्र तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कॉम्प्युटर बदलू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि एक हसण्यासारखी पण रोज होणारी गोष्ट. कार्ड टाकल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला जोडा, बोर्डाच्या जुन्या जागी नाही. नाहीतर साडेनऊ हजारांचं कार्ड आत नुसतं बसून राहतं.

बेळगावचं पुढे काय झालं?

महिन्याभरानं मी स्वतः बेळगावला गेलो. स्क्रू-ड्रायव्हर आणि टेप बरोबर नेली. पोरानं ते मोठं कार्ड आठ हजारांना दुसऱ्याला विकलं होतं, दीड हजारांचा फटका सोसून. आम्ही दोघांनी पॉवर सप्लायचा स्टिकर वाचला, २०० वॅट. स्लॉटची उंची आणि लांबी मोजली. मग वापरलेलं लो-प्रोफाइल जीटीएक्स १६५० शोधलं, साडेआठ हजारांना. बसवताना त्याचा हात थरथरत होता. कार्ड खट्‌ करून बसलं, पडदा उजळला, आणि तो माझ्याकडे न बघता आजोबांकडे बघून हसला. तेच बरोबर होतं.

त्या मशिनावर व्हॅलोरंट छान चालतो, जीटीए फाइव्ह मध्यम-उंच सेटिंग्जला चालतो, आणि डिप्लोमाचं ड्रॉइंगही त्यावरच होतं.

निघताना मी सुभेदार साहेबांपुढे दीड हजारांचं पाकीट ठेवलं. त्यांनी ते माझ्याच शर्टाच्या खिशात परत घातलं. म्हणाले, "पैसे नकोत, सर. पुढच्याला सांगताना आधी विचारा, मग सांगा."

साडेतीन दशकं मी दुसऱ्यांना हेच शिकवत आलो होतो. रेकी आधी, हुकूम नंतर. सुभेदार साहेबांनी मला ते पुन्हा एकदा शिकवलं, तेही कधी नव्हे इतक्या अदबीनं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी असं काही मागायला आली, तर "गेम काय खेळतोस?" म्हणून रागावू नका, आणि माझ्यासारखं घाईनं उत्तरही देऊ नका. तोच प्रश्न कागद-पेन घेऊन विचारा : कुठला गेम खेळायचाय? मग त्याच्याबरोबर बाजारात जा, कॅबिनेट उघडायला लावा, स्टिकर वाचा, टेप लावा. पैसे सगळ्यात शेवटी मोजा.

पुढच्या भागात याच मशिनाची साफसफाई घरच्या घरी कशी करायची ते दाखवीन. ब्रश तयार ठेवा.

जय हिंद.